प्रयोगशाळेतला विस्तव कोण राखतो?



आपल्या भाषेत एक गमतीची गोष्ट आहे. न्हाणीघरात पाणी तापविणाऱ्या तांब्याच्या भांड्याला आपण बंब म्हणतो, आणि आग लागली म्हणजे ती विझवावयास जो घणघणत धावून येतो त्यालाही बंबच म्हणतो. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यातला बंब पहाटे पेटवीत. शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत घरातले कोणी ना कोणी त्याच्या आसपास वावरत असे. ढलप्या सारावयाच्या, राख ओढावयाची, पाणी उतरले की वरून घागर ओतावयाची. बंब पेटलेला आहे आणि जवळ चिटपाखरू नाही, असे कधी होत नसे. झालेच तर आजी सर्वांचा उद्धार करी. ही आठवण पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आरंभीच सांगून ठेवली.

आजचा विषय संशोधनशाळांतील तापविण्याची उपकरणे आणि त्यांपासून लागणाऱ्या आगी, हा आहे. विषयपत्रिका वाचून काहींना वाटले असेल, की हे रसायनवाल्यांचे घरगुती दुखणे आहे, ते आपल्यापुढे कशाला? पण या प्रयोगशाळा आपल्याच गावात उभ्या आहेत. त्यांत रात्री-अपरात्री काम करणारी मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. शिवाय रात्रीच्या वेळी त्या प्रयोगशाळा किती सुरक्षित असतात हे काही अंशी तुमच्या-माझ्या निजण्याच्या वेळेवर अवलंबून असते. हे शेवटचे विधान ऐकून तुम्ही हसलात, पण त्याचा उलगडा थोड्या वेळाने होईल.

प्रथम एका माणसाची हकीकत सांगतो. चार्ल्स मॅन्सफील्ड हा इंग्लंडमधला रसायनज्ञ १८१९ साली जन्मला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीमध्ये हॉफमन या थोर जर्मन अध्यापकाच्या हाताखाली तो शिकला. फॅरडेने १८२५ साली बेंझीन नावाचा एक पातळ, उग्र वासाचा द्रव शोधून काढला होता. पण तो मुबलक मिळावयाचा कोठून? दगडी कोळशापासून गॅस करताना जे डांबर उरते, त्यातून बेंझीन वेगळे काढण्याची व्यवहारोपयोगी रीत मॅन्सफील्डने बसविली आणि १८४७ साली तिचे पेटंट घेतले. रीत म्हणजे ऊर्ध्वपातन. द्रव तापवावयाचा, त्याची वाफ दुसरीकडे नेऊन थंड करावयाची आणि थेंब थेंब गोळा करावयाचा. पुढे कृत्रिम रंगांचा सारा उद्योग या बेंझीनवर उभा राहिला. तो पाहावयास मॅन्सफील्ड मात्र राहिला नाही.

१८५५ साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरावयाचे होते. त्यात मांडावयाचे बेंझीनचे नमुने तयार करण्यासाठी त्याने लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागात एक खोली भाड्याने घेतली. १७ फेब्रुवारीला ऊर्ध्वपातन चालू असता भांड्यातला द्रव उतू गेला आणि त्याने पेट घेतला. इमारत वाचावी म्हणून मॅन्सफील्डने ते जळते भांडे हातांनी उचलले आणि रस्त्यावर नेले. इमारतीचे काय व्हावयाचे ते झाले असेल. तो स्वतः इतका भाजला, की नऊ दिवसांनी इस्पितळात त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे पस्तीस होते. बेंझीन कसे उकळते आणि कसे पेटते हे त्या काळी जगात ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक होते, अशा चार माणसांपैकी तो एक असावा. तेव्हा अशा आगी अडाण्यांच्या हातून लागतात, हा समज आपण येथेच सोडून देऊ.

आता पेटते काय ते पाहू. आपण सहज म्हणतो, रॉकेल पेटले, स्पिरिट पेटले. वास्तविक द्रव कधीच पेटत नाही. त्याची वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण पेटते. थंड रॉकेल वाटीत घेऊन काडी लावली तर ते सहसा पेटत नाही. वात लागते, कारण वातीच्या टोकाशी थोडेसे रॉकेल तापून त्याची वाफ होते. प्रत्येक द्रवाचे एक ठरावीक उष्णतामान असते. त्याच्या खाली, ठिणगी पडली तरी पेटण्याइतकी वाफ सुटत नाही. त्याच्या वर ती सुटते. याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट अडतीस-चाळीस अंश सेंटिग्रेडच्या घरात आहे. बेंझीनचा शून्याखाली ११ अंश. नखावरचा रंग पुसावयाच्या ॲसिटोनचा शून्याखाली सुमारे २० अंश. आणि ईथरचा शून्याखाली ४५ अंश! म्हणजे ईथरची बाटली हिमालयात नेऊन उघडली तरी ती पेटावयास तयारच. आपल्या गावी वैशाखात तर वेगळीच तऱ्हा. ईथर ३५ अंशांच्या आतच उकळते. दुपारी बाहेर ठेवलेली बाटली कोणी न तापविता उकळू शकेल.

शिवाय ही वाफ वर जात नाही. विस्तवाचा धूर वर जातो, म्हणून वाफही वरच जाईल असे आपले मन धरून चालते. पण ईथरची वाफ हवेच्या अडीचपटीहून जड, बेंझीनचीही तशीच. ती टेबलावरून ओघळते, कडेवरून खाली उतरते, फरशीवरून सरपटत जाते आणि आठ-दहा हातांवर कोठे तापलेली तार असेल तेथे जाऊन पोहोचते. तेथे पेटली की ज्वाला आलेल्या वाटेनेच उलट धावत बाटलीपर्यंत येते. काम करणाऱ्यास वाटते, की मी तर विस्तवापासून दूर बसलो होतो.

ज्या वर्षी मॅन्सफील्ड गेला त्याच सुमारास, १८५५ मध्ये, हायडलबर्ग येथे बुन्सेन आणि त्याचा यंत्रकार देसागा यांनी आज शाळेशाळेत दिसणारा गॅसचा दिवा तयार केला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे रसायनशाळेतला विस्तव म्हणजे हाच निळा दिवा. तो उघडा होता, पण प्रामाणिक होता. विस्तव आहे हे डोळ्यांना दिसे. मग वीज आली. विजेच्या शेगड्या, ज्यांना आम्ही हॉटप्लेट म्हणतो, आणि काचेच्या गोल चंबूला गोधडीसारखी लपेटून बसणारी तापवणी. ज्वाला गेली, आता भीती गेली, असे सर्वांना वाटले. सुधारणा झाली हे खरे. पण पेटावयास ज्वालाच लागते असे नाही, नुसता पुरेसा तापलेला पृष्ठभागही पुरतो. ईथरला १८० अंशांच्या आतला चालतो, आणि हॉटप्लेटचा माथा त्याच्या दुप्पट सहज तापतो. कार्बन डायसल्फाइड नावाचा एक द्रव आहे. त्याची वाफ शंभर अंशांच्या आसपास, किंबहुना थोडी खालीच, आपण होऊन पेटते. म्हणजे उकळत्या पाण्याच्या वाफेची नळीसुद्धा त्याला काडीच्या जागी! हे गृहस्थ माझ्या प्रयोगशाळेत असले की मी चहाचे आधणही शेजारच्या खोलीत ठेवीत असे.

आता रात्रीकडे वळू. दिवसा आग लागली तर चार माणसे धावतात, आरडाओरडा होतो, बहुधा टेबलावरच ती आटोक्यात येते. मोठ्या आगींची मुळे पुष्कळदा अशा तापवणीत सापडतात, जिच्यापाशी कोणी नव्हते. पण कोणी नसताना तापवावयाचेच कशाला? कारण काही रासायनिक क्रिया आठ-दहा तास, कधी दोन दिवस, एकसारख्या उकळत ठेवाव्या लागतात. ते कसे करतात हे येथे बसलेल्या भगिनींना मी शिकविण्याचे कारण नाही. भाजी परतून झाली म्हणजे तुम्ही वर ताट झाकता आणि ताटात पाणी ओतता. भाजीची वाफ वर जाते, गार ताटाला लागून तिचे पाणी होते, ते परत भाजीत पडते. भाजी शिजते, पण कोरडी पडत नाही. आमच्या प्रयोगशाळेत नेमके हेच करतात. ताटाच्या जागी चंबूच्या तोंडावर काचेची दुहेरी नळी उभी असते, आणि बाहेरच्या नळीतून नळाचे गार पाणी सारखे वाहत असते. चंबूत पाण्याऐवजी ईथर, हेक्झेन, बेंझीन असे काही असते, एवढाच फरक. ताटातले पाणी आटले तर तुमची भाजी करपते. आमच्या नळीतले पाणी थांबले तर जड, पेटाऊ वाफ नळीच्या वरच्या तोंडातून बाहेर पडू लागते, आणि खाली शेगडी तापलेलीच असते.

मघाच्या विधानाचा उलगडा येथे आहे. गाव निजले, नळ बंद झाले, म्हणजे जेथे पाणी चोवीस तास असते तेथे नळाचा दाब वाढतो. संध्याकाळी बेताने सोडलेले पाणी मध्यरात्री जोर करते आणि रबराची नळी काचेवरून निसटते. मग इकडे चंबू कोरडा, तिकडे खोलीभर पाणी. जेथे पाणी वेळेवर येते-जाते, आणि आपल्याकडे बहुतेक गावी तसेच आहे, तेथे ते रात्री सरळ बंदच होते. विजेचेही असेच. गावातले दिवे, पंखे, गिरण्या थांबल्या की विजेचा दाब चढतो. संध्याकाळी तो २०० व्होल्टवर उतरलेला असला आणि मध्यरात्री २४० झाला, तर दाब एक पंचमांशाने वाढला. पण साध्या तापवणीची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ निम्म्याने वाढली. निजताना ‘मंद आहे’ म्हणून सोडलेली शेगडी दोन वाजता मंद राहिलेली नसते. तुम्ही निजता आणि आमचा चंबू खवळतो, तो असा.

ही विद्या मी पुस्तकातून मिळविली असती तर बरे झाले असते. १९७८ च्या उन्हाळ्यात मी एका प्रयोगशाळेत करडईच्या बियांतून पेट्रोलियम ईथरने तेल काढीत होतो. उघड्या तारेच्या विजेच्या शेगडीवर पाण्याचे पातेले, त्यात चंबू, वर पाण्याची नळी. रात्री दहाला सारे ठाकठीक पाहून घरी गेलो. पाणीकपात सुरू झाल्याची बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात होती; मी ती वाचलीही होती, पण ती घरच्या हौदासाठी वाचली, प्रयोगासाठी नव्हे. दोनच्या सुमारास पाणी गेले. रात्रपाळीचा पहारेकरी जिन्याने वर आला तो त्याला दाराशी रॉकेलसारखा वास आला. तो मनुष्य चार इयत्ता शिकलेला. पण त्याने दार उघडले नाही, दिव्याचे बटण दाबले नाही. जिन्यापाशी मजल्याचा मुख्य खटका होता, तो खाली ओढला आणि मग मला उठवावयास आला. आम्ही बाहेरून खिडक्या उघडल्या, तास-दीड तास अंगणात उभे राहिलो आणि मग आत गेलो. चंबू कोरडा ठणठणीत होता. पातेल्यात दोन बोटे पाणी उरले होते. टेबलाच्या त्या अंगाची एक खिडकी विसरून उघडी राहिली होती, म्हणून वाफ शेगडीकडे न जाता बाहेर गेली असावी. म्हणजे एका विसरभोळेपणाने मला दुसऱ्या विसरभोळेपणातून वाचविले. मी पहाऱ्यावरच्या त्या माणसाला विचारले, दिवा का लावला नाहीस? तो म्हणाला, ‘साहेब, घरी गॅस आहे ना. वास आला की बटणाला हात लावायचा नाही, हे बायको रोज सांगते.’

त्यानंतर आमच्या यंत्रशाळेतल्या मिस्त्रीने मला एक साधी युक्ती करून दिली. नळीतून वाहून आलेले पाणी मोरीत सोडण्यापूर्वी तळाला छिद्र असलेल्या एका डब्यात पडावयाचे. पाणी वाहते आहे तोवर डबा भरलेला, म्हणून जड. त्याच्या वजनाने एक दांडी खाली दबून विजेचा खटका जोडलेला. पाणी थांबले की डबा रिता होतो, दांडी उचलली जाते, शेगडी बंद पडते. आज याच कामाची तयार यंत्रे मिळतात. लहान पंपाने तेच गार पाणी पुनःपुन्हा फिरविण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी झाली आहे, आणि पाण्यावाचून नुसत्या हवेने थंड होणाऱ्या नळ्याही निघाल्या आहेत. पण तो डबा मला अजून आवडतो, कारण पाणी गेले हे त्याला शेगडीने सांगावे लागत नसे.

या शेवटच्या वाक्यावर मला थोडे रेंगाळावयाचे आहे. तुमच्या घरच्या प्रेशर कुकरकडे पाहा. त्याच्या झाकणावर वजनाची शिट्टी असते. दाब वाढला की ती उचलून वाफ सोडते. हा झाला नेहमीचा कारभारी. पण डाळीचा एखादा दाणा शिट्टीच्या भोकात अडकला तर? म्हणून झाकणावर दुसरीकडे सेफ्टी व्हॉल्व्ह बसविलेला असतो. त्यातला थोड्या उष्णतेने वितळणारा धातू, भांडे प्रमाणाबाहेर तापले की वितळतो आणि वाफेला वाट मिळते. शिट्टी बिघडली आहे की नाही, हे त्या धातूला विचारावे लागत नाही. दोन राखणदार, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. घरच्या पाणी तापविण्याच्या गीझरातही उष्णतामान राखणारा थर्मोस्टॅट वेगळा आणि तो बिघडल्यास वीज तोडणारा खटका वेगळा असतो.

आता खेदाची गोष्ट अशी, की दोनशे रुपयांची डाळ शिजविताना आपण जी काळजी घेतो ती लाखांची संशोधने शिजविताना पुष्कळदा घेतली जात नसे, आणि जुनी उपकरणे जेथे वापरात आहेत तेथे आजही घेतली जात नाही. सुकविण्याच्या भट्टीला, म्हणजे ओव्हनला, एकच थर्मोस्टॅट. त्यातले दोन स्पर्शबिंदू दिवसातून शेकडो वेळा जुळतात आणि सुटतात, दर वेळी बारीक ठिणगी उडते, आणि काही वर्षांनी एके दिवशी ते जुळतात ते वितळून एकमेकांना चिकटूनच बसतात. मग भट्टीला थांबविणारे कोणी नाही. आत वनस्पतिशास्त्राच्या कोणा विद्यार्थ्याने कागदी पिशव्यांत पाने सुकत ठेवलेली असतात. साठ अंशांवर ती सुकावयाची, दोनशे अंशांच्या पुढे गेली म्हणजे काय होईल ते सांगावयास नको.

थर्मोस्टॅट शाबूत असूनही फसगत होते. तेलात चंबू ठेवून तापवितात तेव्हा तेलात बुडविलेला एक तापमापी शेगडीच्या नियंत्रकाला जोडलेला असतो. ‘दीडशे झाले की थांब’ अशी त्याला आज्ञा असते. कोणाचा तरी धक्का लागून किंवा पकड सैल होऊन तो तापमापी तेलाबाहेर पडला, की त्याला लागते खोलीची हवा, तीस अंश. नियंत्रक बिचारा आज्ञाधारक. तीस आहे, दीडशे झाले नाही, म्हणून तापवा. तो तापवीतच राहतो. तेल धुरावते आणि शेवटी पेटते. यंत्रात काहीही बिघाड नाही, कोणी काही मोडले नाही, आणि खोली जळून जाते. याला उपाय एकच. तेलात दुसरा, स्वतंत्र तापमापी असावा, त्याची वीज तोडण्याची वाट वेगळी असावी, आणि पहिल्याने काय सांगितले हे त्याने ऐकूच नये. जो तापवितो त्याच्याच हाती राखण दिली, तर ती राखण नव्हे.

बंद असलेली शेगडीही निर्धास्त सोडू नये. काही जुन्या हॉटप्लेट, बटण ‘बंद’वर असता आपोआप तापल्याच्या घटना अमेरिकेतल्या विद्यापीठांतून नोंदल्या गेल्या आणि तेथे संशोधकांना तसे लेखी इशारे द्यावे लागले. बटण फिरले म्हणजे वीज तुटली असे नसते. आतला भाग निकामी झाला तर बटण नुसते शोभेचे. प्लग काढून ठेवला म्हणजे मग बंद. भट्टीच्या बाबतीत आणखी एक खोड सांगतो, कारण ती फार हुशार विद्यार्थ्यांत आढळते. काचेची भांडी धुतली, लवकर वाळावीत म्हणून ॲसिटोनने खळबळली, आणि ओली तशीच १२० अंशांच्या भट्टीत ठेवून दार लावले. दहा मिनिटे वाचली. पण बंद भट्टीत ॲसिटोनची वाफ भरते, आत थर्मोस्टॅटची ठिणगी उडते, आणि ते दार समोरच्या भिंतीपर्यंत जाते.

आग लागल्यावर काय करावे, यासंबंधी फार बोलत नाही, कारण माझा विषय आधीचा आहे. पण दोन गोष्टी. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. गरम फोडणीत पाण्याचा एक थेंब पडला तर काय होते हे प्रत्येकाच्या मनगटाला माहीत आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशेपट जागा व्यापते; तेलाच्या तळाशी गेलेले पाणी वाफ होऊन उसळते ते जळते तेल अंगावर घेऊनच. झाकण ठेवावे, वीज तोडावी. आणि दुसरी गोष्ट, जळते भांडे उचलू नये. चंबूच्या तोंडाशी आग असेल तर आत हवा नसल्याने ती आत जात नाही. तोंड झाकले तर बहुधा विझते. उचलले तर द्रव हिंदकळतो आणि हातांवर, कपड्यांवर येतो. मॅन्सफील्डने जे केले ते धैर्याचे होते यात शंका नाही. पण आपल्या मुलांना ते धैर्य शिकवू नका. खोली सोडून बाहेर पळणे शिकवा.

मॅन्सफील्डनंतर १४६ वर्षांनी, जुलै २००१ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील रसायन इमारतीत बेंझीन शुद्ध करण्याच्या यंत्रणेचा स्फोट होऊन मोठी आग लागली. पुन्हा बेंझीनच! दीडशे वर्षांत विज्ञान कोठल्या कोठे गेले, पण द्रव शुद्ध करावयाचा तर तो सोडियमसारख्या पाण्याशी वैर असलेल्या धातूवर उकळावयाचा, ही चाल पुष्कळ शाळांतून तशीच राहिली होती. या आगीच्या पाच वर्षे आधी, १९९६ साली, रॉबर्ट ग्रब्ज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक निराळी रीत छापून प्रसिद्ध केली होती. द्रव तापवावयाचाच नाही. ॲल्युमिना नावाच्या पांढऱ्या भुकटीने भरलेल्या उंच नळकांड्यांतून तो दाबाने गाळावयाचा. त्यातले पाणी ती भुकटी शोषून घेते. शेगडी नाही, सोडियम नाही, पाण्याची नळी नाही. पुढे २००५ साली ग्रब्जला नोबेल पारितोषिक मिळाले ते वेगळ्या शोधासाठी. हा शोध त्या मानाने गाळणीचा. पण किती प्रयोगशाळांतून रात्रीचा विस्तव त्याने हलविला, याचा हिशेब कोणी मांडला तर मला तो वाचावयास आवडेल. आग टाळण्याच्या साऱ्या उपायांत मला हा वरचा वाटतो. राखणदार नेमण्यापूर्वी, येथे विस्तव हवाच काय, असा प्रश्न त्याने विचारला.

सर्वच ठिकाणी असे विचारता येत नाही. काही गोष्टी उकळाव्याच लागतात, आणि रात्रीही लागतात. मग तेथे काय हवे? दारावर एक कागद हवा. आत काय तापते आहे, किती वाजता सुरू केले, कोणी केले, त्याचा दूरध्वनी क्रमांक, आणि काही बिघडल्यास खटका कोठे आहे. पहारेकऱ्याला तो वाचता आला पाहिजे, म्हणजे तो मराठीत हवा. इंग्रजीत सुंदर टंकलिखित केलेले असे कागद मी पुष्कळ पाहिले. ते वाचणारा मनुष्य दिवसा येत असे. मजल्याचा मुख्य खटका खोलीच्या बाहेर हवा. आणि तापवणीच्या आसपास चार हात जागा रिकामी हवी. ही शेवटची गोष्ट सांगावयास सर्वांत सोपी आणि करावयास सर्वांत अवघड, कारण आपल्याकडे एका टेबलावर तीन संशोधक असतात आणि प्रत्येकाच्या कागदांचा गठ्ठा शेगडीला टेकून उभा असतो.

आणखी एक तापवणी आहे, जी कोणी मोजत नाही. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्राची एक बहुमजली इमारत होती. १३ मे २००८ रोजी तेथे पाण्याची गळती होऊन ते पाणी कॉफीच्या यंत्रात शिरले, विजेचे तार जुळले, आणि साऱ्या इमारतीला आग लागली. माणसे वाचली, इमारत गेली. उत्तम इमारती कशा बांधाव्यात हे शिकविणारी ती इमारत! आपल्या प्रयोगशाळांच्या कोपऱ्यांत विजेची किटली असते, हिवाळ्यात पायांशी शेगडी असते. तपासणीच्या यादीत त्यांचे नाव नसते, कारण ती उपकरणे नव्हेत, चहा आहे.

हे सारे मी नुकसानीच्या भीतीने सांगत नाही. इमारत पुन्हा बांधता येते. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईस तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एका रसायन प्रयोगशाळेला आग लागली आणि त्यात दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. त्या आगीच्या कारणांशी माझ्या आजच्या शेगड्यांचा संबंध मी जोडत नाही. परंतु प्रयोगशाळेत आग लागली म्हणजे आत कोण असते, हे त्या बातमीने महाराष्ट्राला दाखवून दिले. तेथे वरिष्ठ नसतात, खरेदीच्या कागदांवर सही करणारे नसतात. पंचविशीतली मुले असतात, कारण रात्री काम करणारी तीच. प्रबंधाची मुदत जवळ आलेली, शिष्यवृत्ती संपत आलेली, आणि नवे उपकरण मागितले तर ‘जुने चालते आहे ना?’ असे उत्तर मिळालेले.

व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, की माझी मुलगी अशाच एका संशोधनशाळेत आहे, रात्री एक-एक वाजेतो थांबते. तिला मी नेमके काय विचारू? ती म्हणते, आई, तुला त्यातले कळणार नाही. मी सांगितले, रसायनाचे काहीच विचारू नका. एवढेच विचारा, की रात्री नळाचे पाणी गेले तर तुझी शेगडी कोण बंद करते? बाई म्हणाल्या, तीच करीत असेल, म्हणूनच तर थांबते. सभागृहात हशा झाला. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. त्यांना थांबवून घेऊन मी मिस्त्रीच्या डब्याची आकृती एका पाकिटाच्या पाठीवर काढून दिली.